दानत आहे, निधी हवा

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की शहर मागे पडता पडता एमआयडीसीची औद्योगिक वसाहत लागते. चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग, सूत रंगवणारे कारखाने, शिलाईची छोटी युनिट आणि त्यांच्यातच मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट बनवून परदेशी पाठवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी, जिचं प्रतिष्ठान समाजकार्यही करतं. थोडं पुढे कुंभारी. तिथे विडी कामगार बायांनी संघटनेच्या बळावर, स्वतःचा हिस्सा भरून उभी केलेली गोदूताई परुळेकर वसाहत आहे. तिच्यातली दहा हजारांवर घरं २००६ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं, त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. रस्त्याच्या शेवटाला अक्कलकोट. तिथे १९८८ मध्ये सुरू झालेलं स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालतं, आणि ते चालतं भाविकांच्या देणग्यांवर. एका कंपनीचं देणं, कष्टकऱ्यांनी एकमेकांना दिलेला आधार आणि श्रद्धेपोटी केलेलं अन्नदान अशी देण्याची तीन रूपं या एकाच रस्त्यावर दिसतात. तेव्हा इथे दानत नाही असं कुणी म्हणू नये. उणीव आहे ती वेगळीच. आपलं देणं प्रसंगापुरतं असतं, जातीपुरतं असतं, एका कंपनीच्या नफ्यापुरतं किंवा एका देवस्थानापुरतं असतं. सगळ्या परिसराचा, सगळ्यांसाठीचा आणि वर्षानुवर्षं टिकणारा निधी ही या रस्त्याची खरी गरज आहे. जगभर अशा संस्थेला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. आपण तिला समाजनिधी म्हणू.

समाजनिधी म्हणजे काय, हे त्याच्या जन्मकथेतून चटकन कळतं. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने पहिला समाजनिधी स्थापन केला. त्याच्या बँकेकडे श्रीमंतांनी मृत्युपत्राने ठेवलेले कितीतरी न्यास होते, आणि एक गोष्ट त्याला सतत खुपत होती. देणारा माणूस मरतो, काळ बदलतो, पण त्याने घातलेली अट तशीच राहते. सेंट लुई शहराचे महापौर राहिलेले ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वसाहत करायला निघालेल्या गरीब प्रवाशांच्या मदतीसाठी त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा ठेवला होता. पुढे ते स्थलांतर थांबलं. पैसा उरला, मदत घेणारे उरले नाहीत. गॉफने यावर उपाय शोधला. अनेकांच्या देणग्या एका छत्राखाली ठेवायच्या, मुद्दल सांभाळायची, तिच्या उत्पन्नातून शहराची त्या त्या वेळची गरज भागवायची, आणि ती गरज कोणती हे शहरातल्या जाणत्या माणसांच्या मंडळाने ठरवायचं. ही कल्पना शंभर वर्षांत जगभर पसरली. आपल्याकडे १९९१ मध्ये मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर सुरू झाला. त्याच्याही आधी, १९७८ पासून, अमेरिकेतली मराठी माणसं महाराष्ट्र फाउंडेशनमधून मायदेशातल्या संस्थांना मदत पाठवत आली आहेत. एकट्याने दुरून चांगली संस्था शोधणं अवघड, म्हणून सगळ्यांनी मिळून ते काम एका संस्थेवर सोपवलं.

ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महर्षी होण्याच्या कितीतरी आधी, तरुणपणी, आपल्या मुरूड गावाच्या हितासाठी ‘मुरूड फंड’ काढला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या ‘पैसा फंडा’ने तर माणशी वर्षाला एक पैसा मागितला आणि गावोगावच्या लोकांनी तो दिला. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला, तिथे कारागीर घडले. पैसा फंडाने एक गोष्ट सिद्ध केली. रक्कम छोटी असली तरी चालते, मात्र गोळा करणारा विश्वासाचा हवा आणि पैसा कुठे गेला हे डोळ्यांना दिसायला हवं. सोलापूरला तर याहून जुना वारसा आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदून घेतला, तो आजही शहराच्या मधोमध आहे. सिद्धरामेश्वर ज्या शरण परंपरेतले, तिच्या विचारात कायक म्हणजे कष्ट, आणि त्या कष्टाच्या फळातला वाटा समाजाला अर्पण करणं म्हणजे दासोह. देणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड या विचाराला मान्य नव्हती.

या वारशातून सोलापुरात संस्था उभ्या राहिल्या, त्या भक्कम आहेत. जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती जैन संस्कृती संरक्षक संघाला दिली आणि त्यातून प्राचीन ग्रंथांची एक मोठी माला प्रकाशित झाली. पद्मशाली समाजाने शिक्षण संस्था काढल्या. मार्कंडेय आणि अश्विनी ही सहकारी रुग्णालयं लोकांच्या भागभांडवलावर उभी राहिली. त्याचबरोबर एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. आपल्या दानाच्या वाटा बहुधा आपल्या लोकांच्या ओळखीने ठरतात. ज्या समाजात पैसा आहे त्याची वसतिगृहं उभी राहतात, ज्या समाजात नाही त्याची मुलं बाहेर राहतात. दुसरी उणीव काळाची. कुठल्याही जुन्या शाळेच्या वार्षिक अहवालाचं शेवटचं पान काढून पाहा. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ मराठीत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला पारितोषिक, ठेव १,००१ रुपये. ठेव ठेवली तेव्हा दहा टक्क्यांनी शंभर रुपये व्याज येत असे आणि त्यात चार चांगली पुस्तकं मिळत. आज त्याच ठेवीवर साठ-सत्तर रुपये येतात, त्यात एक वही आणि पेन. अशा पन्नास ठेवी एका शाळेत असतात, प्रत्येकीचा हिशेब निराळा, प्रत्येकीची अट निराळी. देणाऱ्याची भावना खरी होती, आजही आहे. तिला सांभाळणारी व्यवस्था मात्र तोकडी पडली. समाजनिधीत हेच नाव, हीच आठवण जपता येते. देणगीदाराच्या नावाचा उपनिधी करायचा, गुंतवणूक सगळ्यांची एकत्र करायची, उत्पन्नाचा एक भाग दरवर्षी मुद्दलात मिळवायचा म्हणजे महागाईने ती झिजत नाही, आणि अट इतकी रुंद ठेवायची की पन्नास वर्षांनीही ती अर्थपूर्ण राहील.

अक्कलकोट रोडवर या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारं उदाहरण म्हणजे प्रिसिजन फाउंडेशन. हा समाजनिधी नव्हे, एका कंपनीचं प्रतिष्ठान आहे. पण त्याच्या एका उपक्रमातून बरंच शिकता येतं. दिवाळीच्या सुमारास सोलापुरात होणाऱ्या ‘प्रिसिजन गप्पां’मध्ये कलावंतांच्या बरोबरीने समाजसेवी संस्थांना मंचावर आणलं जातं, त्यांचं काम लोकांसमोर मांडलं जातं आणि त्यांना पुरस्कार दिले जातात. पुरस्काराची रक्कम एका संस्थेला मिळते, पण सभागृहात बसलेल्या शेकडो माणसांना कुणाला द्यावं हे कळतं. पुण्यात पितृपंधरवड्यात भरणारं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन आणि ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम हेच काम मोठ्या प्रमाणावर करतात. द्यायची इच्छा असलेल्या माणसाला अडवतो तो विश्वासाचा प्रश्न. संस्था खरी आहे का, पैसा पोचेल का, हे त्याला कळत नाही. पारख करून संस्था समोर आणणं हे समाजनिधीचं निम्मं काम आहे.

राहिलेलं निम्मं काम पैशाच्या स्थैर्याचं, आणि तिथे कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक जबाबदारी म्हणून कायद्याने ठरवलेल्या खर्चाची, मर्यादा दिसते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल एक हजार कोटी किंवा नक्त मूल्य पाचशे कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही हा कायदा सांगतो. तरतूद चांगली आहे. पण यंत्रमागाच्या छोट्या युनिटांचा आणि या अटींचा संबंधच येत नाही. त्यातली कितीतरी तर कंपन्याही नाहीत. भागीदारी आहे किंवा एकट्या मालकाचा व्यवसाय आहे. दुसरी गोष्ट अशी की २०२१ पासून सीएसआरचा पैसा कुठल्याही संस्थेच्या कायम निधीत टाकता येत नाही, तो ठरलेल्या कामावर खर्च करावा लागतो. नफा घटला की रक्कम घटते, चालू प्रकल्प अर्ध्यावर येतो. म्हणजे टिकणारी मुद्दल उभी करायची असेल तर ती लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशातूनच होणार.

सरकारी निधीच्या टिकाऊपणाबद्दल विडी कामगारांचा अनुभव बोलका आहे. १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसला आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना मदत अशी सोय झाली. उत्पन्न विडीतून येत होतं आणि विडी वळणाऱ्या हातांकडे परत जात होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना उरल्या त्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या भरवशावर. दिवसभर सुपात पत्ता आणि तंबाखू घेऊन बसणाऱ्या, हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या बाईला करव्यवस्थेतला हा बदल कुणी समजावून सांगितला असेल असं वाटत नाही. तिच्या हक्काच्या निधीचा झरा दूर दिल्लीतल्या एका निर्णयाने आटू शकतो. स्थानिक निधी सरकारची जागा घेऊ शकत नाही, पण असा झरा आटल्यावर मधला काळ निभावून नेऊ शकतो.

आता छोट्या मालकाकडे पाहू. तो देत नाही असं नाही. गणपती, नवरात्र, जयंत्या, यात्रा, रथोत्सव, भंडारा, प्रत्येकाचं पावतीपुस्तक कारखान्याच्या दारात येतं. नोकराच्या मुलीच्या लग्नाला, कुणाच्या ऑपरेशनला तो हात सैल सोडतो. वर्षाअखेरीस बेरीज केली तर रक्कम लहान नसते, पण त्यातून काय उभं राहिलं ते सांगता येत नाही. समजा तीनशे युनिटांनी महिन्याला पाचशे रुपये दिले. महिन्याचे दीड लाख, वर्षाचे अठरा लाख होतात. ते दहा वर्षं मुद्दलात टाकले तर व्याज न धरताही एक कोटी ऐंशी लाख जमतात, आणि त्यावर सहा टक्क्यांनी वर्षाला दहा लाख ऐंशी हजार रुपये मिळतात. त्यातले काही मुद्दलात परत टाकून उरलेले वाटले तरी कुंभारीच्या वसाहतीत बालवाडी चालवणारी एखादी संस्था, शाळा सुटलेल्या मुलींची अभ्यासिका, कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांची श्वसनतपासणी अशी कामं दरवर्षी, न चुकता चालू राहतील. पुढच्या वर्षी पैसा येणार आहे हे ठाऊक असलं की संस्थेला चांगली बाई कामावर ठेवता येते. एका वर्षाच्या देणगीवर वह्या वाटता येतात, शिक्षिका टिकवता येत नाही.

छोट्या संस्थांच्या बाजूनेही ही गरज आहे. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दरवर्षीचं लेखापरीक्षण, आयकराच्या १२ ए आणि ८० जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या आणि त्यांचं नूतनीकरण, सीएसआरचा पैसा घ्यायचा तर आणखी एक नोंदणी. वस्तीतल्या चार-पाच कार्यकर्त्यांच्या मंडळाला हे झेपत नाही. कागद अपुरे म्हणून मदत नाही, आणि मदत नाही म्हणून कागद करायला माणूस नाही, या चक्रात चांगली कामं बंद पडतात. समाजनिधी एक हिशेबनीस नेमून दहा संस्थांची ही कामं मार्गी लावू शकतो. रकमेच्या मदतीइतकीच ही मदत मोलाची आहे.

या सगळ्यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप कामगारांच्या बाजूने येईल. मालकांनी आधी मजुरी नीट द्यावी, प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआय भरावा, मग दानाची भाषा करावी. हा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. मृतांमध्ये मालकाचं कुटुंब होतं आणि कामगारही होते. कारखान्याची सुरक्षितता ही मालक आणि कामगार दोघांच्या जिवाची गोष्ट आहे, हे त्या पहाटेने भयंकर रीतीने दाखवलं. आग विझवण्याची साधनं, बाहेर पडायचा मोकळा रस्ता, विमा, मजुरी ही कायद्याची देणी आहेत. त्यांची भरपाई दानातून करायची नसते. म्हणून समाजनिधीच्या घटनेतच लिहायला हवं की ज्या गोष्टी देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यांवर निधीचा एक रुपयाही खर्च होणार नाही. सीएसआरच्या नियमांनीही केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च वगळला आहे, त्यामागे हाच विचार आहे. मात्र मजुरी पूर्ण मिळाली तरी घरातला कर्ता अचानक गेला, मुलीचं शिक्षण तुटायला आलं, म्हाताऱ्या विडी कामगार बाईला पाहणारं कुणी नाही, अशा वेळा उरतातच. सरकारची मदत जाहीर होते, कागदपत्रांतून हळूहळू पोचते. पहिल्या महिन्याचं घरभाडं आणि जूनमधली शाळेची फी तोवर थांबत नाही. हक्क मिळाल्यावरही जी पोकळी राहते, ती भरणं हे निधीचं काम.

दुसरा आक्षेप मध्यस्थाचा. मी थेट गरजूला देईन, मधल्या संस्थेचा खर्च का सोसू? थेट देण्यात एक ओलावा आहे आणि तो राहावा. पण थेट मदत ज्याची आपल्याशी ओळख आहे त्याच्यापर्यंतच पोचते. जो मागायला लाजतो, ज्याला मालकाच्या केबिनपर्यंत जायची सवय नाही, ज्याचा कुणी वशिला नाही, तो सुटतो. त्याला शोधायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो. खर्च शून्य असलेली संस्था बहुधा कामही शून्याच्या जवळचं करते. खर्चावर मर्यादा हवी आणि ती जाहीर हवी, एवढं मात्र खरं. कायद्याच्याही काही अडचणी आहेत. २०२३ पासून एका न्यासाने दुसऱ्या न्यासाला दिलेल्या देणगीतला ८५ टक्के भागच आयकरासाठी खर्च म्हणून धरला जातो. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आहे. म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या सोलापूरकराच्या डॉलरवर हा निधी चालणार नाही. मला यात तोटा कमी आणि शिस्त जास्त दिसते. निधी इथल्या माणसांच्या रुपयांवरच उभा राहिला तर त्याचा जाबही इथलीच माणसं विचारतील.

तिसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. आपल्याकडे न्यास म्हटला की विश्वस्तांचे तंटे, धर्मादाय कार्यालयातल्या तारखा, निवडणुकीच्या तोंडावर पुढाऱ्याचा फोटो. ही भीती खोटी नाही, आणि तिला उत्तर सद्भावनेने देता येणार नाही, रचनेनेच द्यावं लागेल. विश्वस्तांची मुदत ठरलेली हवी आणि सलग दोन मुदतींनंतर बाहेर पडणं बंधनकारक हवं. मंडळात मालक निम्म्याहून कमी हवेत. त्यांच्याबरोबर यंत्रमाग कामगार, विडी कामगार बाई, शाळेतला शिक्षक, सनदी लेखापाल, डॉक्टर हवेत. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणाऱ्या सगळ्या वस्त्यांमधून माणसं हवीत. निवडणूक लढवणाऱ्याने आधी राजीनामा द्यावा. आणि दर तीन महिन्यांनी जमा-खर्चाचा एक पानी तक्ता औद्योगिक वसाहतीच्या चौकात मराठी आणि तेलुगूत लावावा. कुणाला किती, कशासाठी, त्यातलं किती काम झालं. मदत घेणाऱ्या व्यक्तीचं नाव झाकून संस्थेचं नाव आणि रक्कम उघडी ठेवता येते. ज्या निधीचा हिशेब कामावर जाता-येता वाचता येतो, तो बळकावणं सोपं नसतं.

एवढ्यावर कुणी म्हणेल, सोलापूर मागे पडलेलं शहर आहे, जुन्या गिरण्या बंद पडल्या, चादरीला स्पर्धा आहे, तरुण पुण्याला जातात, इथे कुठून निधी उभा राहणार. मला वाटतं, याच कारणासाठी तो इथे उभा राहिला पाहिजे. उद्योग भरात असतो तेव्हा देणगी सहज मिळते आणि गरज कमी असते. मंदीत गरज वाढते आणि देणाऱ्याचा हात आखडतो. चांगल्या वर्षातला थोडा वाटा बाजूला ठेवून तो वाईट वर्षात कामी आणणं हाच कायम निधीचा अर्थ आहे. गिरण्या चालू होत्या त्या दशकांत या शहराने असा सामाईक निधी साठवला असता, तर गिरण्या बंद झाल्यावर हजारो घरांवर जी वेळ आली ती थोडी सुसह्य झाली असती. यंत्रमागाचं भविष्य काय हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून माग चालू आहेत तोवरच सुरुवात करायला हवी.

सुरुवातीला मोठ्या देणगीदाराची वाट पाहायचं कारण नाही. पाच-पन्नास युनिट, दोन-तीन कामगार संघटना, एखादी बँक आणि हिशेब पाहायला तयार असलेला एक सनदी लेखापाल एवढ्यावर न्यासाची नोंदणी होते. पहिल्या वर्षी एकच काम घ्यावं, ते पूर्ण करावं आणि त्याचा तक्ता चौकात लावावा. कामगारानेही महिन्याला दहा रुपये द्यावेत. रकमेसाठी नव्हे, हिशेब मागायचा हक्क त्याला मिळावा म्हणून. मालकाचे पाचशे आणि कामगाराचे दहा एकाच खात्यात जमा झाले आणि दोघांचं मत एकसारखं मोजलं गेलं, तर दासोहाचा जो अर्थ या मातीत आठशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितला गेला, तो या वसाहतीच्या रोजच्या व्यवहारात उतरेल.